अण्णांचं गप्प बसणं : बडोद्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

अण्णांचं वय ७१. (नाव, नोकरी आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एका कारखान्याच्या स्टोअर्स विभागात ३४ वर्षं नोकरी, राहणं दांडिया बाजारातल्या वाड्यात, पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत. मधल्या खोलीत झोपाळा. पत्नी, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या माई, गल्लीभर बोलक्या. दूधवाला, भिशी, आजाऱ्याची चौकशी, लग्नाची बोलणी हा सगळा कारभार त्यांचा. अण्णांकडे पासबुकं, वीजबिल आणि भिंतीवरच्या दोन घड्याळांना किल्ली देणं. पाहुणे आले की अण्णा ‘या’ म्हणत, पाणी आणून देत आणि दहा मिनिटांनी आतल्या खोलीत शब्दकोडं घेऊन बसत. ‘अण्णा तसेच आहेत’ एवढ्यावर विषय संपे. रात्री जेवणानंतर दोघं झोपाळ्यावर बसत. माई डावीकडे, अण्णा उजवीकडे. माई दिवसभराचं सांगत, अण्णा पायाने झोका देत ऐकत. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला, पण तो कळायला बराच उशीर झाला.

कार्तिकात माई गेल्या. पौषात मुलाने अण्णांना वासणा रोडवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. घरात मुलगा, सून, सोळा वर्षांची नात, अकरा वर्षांचा नातू. मुलगा वडिलांवर गेलेला, मितभाषी. सून माईंसारखी, माणसांत रमणारी. सासू-सुनेचं रोज फोनवर अर्धा तास बोलणं होई, त्यामुळे माई गेल्यावर तिचंही एक माणूस गेलं होतं. याची नोंद समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत कुणीच घेतली नाही.

अडचण

सुनेने मनापासून केलं. सकाळी बागेतला हास्यक्लब, संध्याकाळी सोसायटीतल्या ज्येष्ठांचा कट्टा, रविवारी कुणाकडे तरी जाणं. ‘अण्णा, एकटे बसू नका’ हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा. अण्णा तीन आठवडे सगळीकडे गेले, नाही म्हणण्याची त्यांना सवयच नव्हती. मग गुडघा दुखायला लागला, मग पोट. फाल्गुनापर्यंत ते ताट खोलीत मागून घेऊ लागले होते. दुपारचे दोन-तीन तास खिडकीपाशी बसून राहत. ‘शून्यात बघतात’ असं सून म्हणे.

वैशाखात नातवाची मुंज पार्टी प्लॉटवर झाली, तीनशे पाहुणे. मातृभोजनानंतर अण्णा दिसेनात. पावणेदोन तासांनी ते पार्किंगमध्ये, मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर सापडले. काचा वर, सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी, मांडीवर पत्रिकेचं पाकीट आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलेला कसलासा हिशेब. वैशाखातलं बडोदं आणि बंद गाडी, जिवावर बेतलं असतं. नातेवाइकांनी निष्कर्ष तिथेच काढून टाकला : सुनेने नीट ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सुनेने समुपदेशन केंद्रात फोन केला. तिचे शब्द नोंदीत आहेत : ‘सासऱ्यांना डिप्रेशन आलंय, नाहीतर ते माझ्यावर रागावलेत. दोन्हींपैकी काय ते सांगा.’

तपासणी आणि पहिला निर्णय

पहिली भेट सगळ्या कुटुंबाची, एक तासाची. ती फसली. अण्णांना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच कुणी दिलं. जगातल्या दहा भाषांच्या संभाषणांचा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, निघालं. जो माणूस वाक्य आधी मनात जुळवतो आणि मग तोंड उघडतो, त्याची पाळी या वेगात येतच नाही. अण्णांना लागत होते सहा ते आठ सेकंद, घरचे थांबत होते जेमतेम दीड.

दुसरी भेट एकट्या अण्णांची. प्रश्न आदल्या दिवशी कागदावर लिहून पाठवले होते. खुर्च्या समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवल्या, कारण सतत डोळ्यांत बघत बोलणं अशा माणसांना थकवू शकतं. अण्णा ४० मिनिटं बोलले. गाडीत का बसलात, या प्रश्नावर म्हणाले, ‘तिथे आवाज फार होता. आणि ऐकू काहीच येत नव्हतं.’ वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं गेलं. पाकिटावरचा हिशेब पंगतींचा होता : किती पानं वाढली, किती वाया गेली.

तीन शक्यता वेगळ्या करायच्या होत्या.

पहिली, लोकांची भीती. या भीतीच्या मुळाशी ‘लोक मला काय म्हणतील’ हे असतं आणि सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकली तरच तिला विकाराचं नाव देतात. अण्णांकडे तिचा मागमूस नव्हता. महिन्याभरापूर्वीच बँकेत व्याजाची नोंद चुकली म्हणून ते थेट मॅनेजरच्या टेबलापाशी गेले होते आणि दुरुस्ती करून घेऊनच परतले होते. भिडस्त माणसाला जावंसं वाटतं पण धीर होत नाही. अंतर्मुख माणूस जाऊ शकतो, पण गेल्याची किंमत त्याला नंतर मोजावी लागते. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, म्हणून घरोघरी हीच गल्लत होते.

दुसरी, नैराश्य. ज्येष्ठांसाठीची १५ प्रश्नांची जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल भरून घेतली. पाचाच्या वर गुण गेले तर पुढची तपासणी करतात. अण्णांना ७ आले. पण या प्रश्नावलीत एक प्रश्न असा आहे की, बाहेर जाऊन नवं काही करण्यापेक्षा घरी राहणं तुम्हाला आवडतं का? ‘हो’ म्हटलं की एक गुण नैराश्याच्या खात्यात. अण्णांना विचारलं, हाच प्रश्न तिशीत विचारला असता तर? ‘तेव्हाही होच म्हणालो असतो.’ आवडीनिवडी सुटल्या का, याचंही उत्तर ‘हो’. पण सुटलं होतं ते वाड्याजवळचं वाचनालय आणि घड्याळं, जी फ्लॅटमध्ये आणलीच नव्हती. हे दोन गुण बाजूला ठेवले तरी पाच उरतात, आणि पाच म्हणजे ‘काही नाही’ असं म्हणता येत नाही. फिजिशियनकडे पाठवून थायरॉइड आणि बी-१२ तपासलं. बी-१२ कमी होतं, औषध सुरू झालं.

तिसरी, शोक. माई जाऊन सहा महिने झाले होते. अण्णा रात्री झोपत, जेवत, माईंचं नाव निघालं की डोळे पुसत आणि पुढे बोलत. रेंगाळलेल्या, अडकून पडलेल्या शोकाची ही लक्षणं नव्हेत.

मनोविकारतज्ज्ञांशी बोलून ठरलं की लगेच गोळ्या नकोत, सहा आठवडे लक्ष ठेवायचं. मात्र चार गोष्टींपैकी एक जरी दिसली तर वाट न बघता तज्ज्ञांकडे जायचं : महिन्यात दोन किलोहून जास्त वजन घटणं, पेपर आणि शब्दकोडं सुटणं, सलग आठवडाभर पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, ‘आता जगून काय करायचं’ अशी भाषा. यांतली शेवटची दिसली तर त्याच दिवशी. ही यादी सुनेने फ्रिजवर लावायची म्हटली, मुलाने ती स्वतःच्या पाकिटात ठेवली. मुलाचं बरोबर होतं.

तोललेले पर्याय

अण्णांना वाड्यात परत जायचं होतं. वाड्याचा जिना अरुंद आणि दांडी नसलेला, शेजारच्या दोन खोल्या बंद. पूर्णवेळ एकटं राहणं कुणालाच पटेना.

नातेवाइकांचं म्हणणं, ‘हळूहळू सवय होईल, नेत राहा.’ भीतीवर हा उपाय चालतो, कारण भीती सामोरं गेल्याने कमी होते. थकव्याचं तसं नाही. मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख हे शब्द रूढ केले. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंकने १९६७मध्ये त्यामागे मेंदूच्या उत्तेजनाची पातळी असल्याचं मांडलं : अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जास्त जागृत असतो, म्हणून त्याला बाहेरचा गलबला लवकर पुरे होतो. आयझेंकचं सगळं तसंच टिकलेलं नाही, पण वागणं लादल्याने काय होतं याचा एक प्रयोग मेलबर्नच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केला. आठवडाभर बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं, तेव्हा एकूणात लोकांना बरं वाटलं, पण जे मुळात जास्त अंतर्मुख होते त्यांना तो फायदा कमी मिळाला, थकवा मात्र वाढला. हास्यक्लबात तीन आठवड्यांनी गुडघा का दुखायला लागला, ते यातून समजतं.

निवडलेला मार्ग असा : माणूस न बदलता घराची मांडणी बदलायची, आणि वाडा अर्धा परत द्यायचा.

काय केलं

जेवणाची जागा आधी बदलली. अण्णा टेबलाच्या मधोमध, पाठीमागे स्वयंपाकघराचं दार अशा खुर्चीत बसत. त्यांना कोपऱ्यात, पाठीशी भिंत येईल असं बसवलं. जेवताना टीव्ही आणि चिमणीचा पंखा बंद. एका वेळी एकानेच बोलायचं, हा नियम मुलांनी दोन दिवस पाळला, मग सोडला, मग नातीने दंड लावला तेव्हा पुन्हा पाळला.

सुनेने प्रश्न विचारून मनात आठ आकडे मोजायचे ठरलं. तिला ते सगळ्यात जड गेलं. टेबलाखाली ती एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या एकेक करून पुढे सरकवी, आठ झाल्या की मगच तोंड उघडी. पहिल्या आठवड्यात तिने एकदा विचारलं, ‘अण्णा, भाजी कशी झालीय?’ सातव्या बांगडीला उत्तर आलं : ‘माईपेक्षा तिखट. पण आवडली.’ या घरात भाजीबद्दल त्यांनी काढलेले हे पहिलेच शब्द.

दुपारी दोन ते पाच खोलीचं दार लोटलेलं राहील, त्यावर ‘काय झालं?’ विचारायचं नाही. दार उघडं म्हणजे या.

निरोपासाठी वही ठेवली. साधी वही अण्णांनी बाजूला सारली, एक उभं रजिस्टर मागवलं आणि त्यात स्वतः लाल शाईने रकाने आखले : तारीख, बाब, कोणी, उत्तर. पहिले दहा दिवस उत्तराच्या रकान्यात फक्त ‘पाहिलं’. मग हळूहळू ओळी वाढल्या. आषाढात एक नोंद आली, ज्यावरून ‘शून्यात बघणं’ म्हणजे काय ते उलगडलं. समोर एक इमारत उभी राहत होती. अण्णांनी लिहिलं होतं : कोरड्यात ११ दिवसांना एक स्लॅब, पाऊस लागल्यापासून १६. सळईचे ट्रक मंगळवारी येतात, सिमेंट आदल्या दिवशी संपतं म्हणून सोमवारी काम थांबतं. स्टोअरकीपर कच्चा आहे. ३४ वर्षं मालाची आवक-जावक सांभाळलेला माणूस खिडकीत बसून रोज तीन तास साइट चालवत होता.

आठवड्यातून दोन दिवस अण्णा सकाळी रिक्षाने वाड्यात जात, घड्याळांना किल्ली देत, मग मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत बसत. सयाजीराव गायकवाडांच्या काळातली, १९१०ची ही संस्था अशा माणसाला फार सोयीची. भोवती माणसं असतात, पण कुणाशी बोलावं लागत नाही.

एक गोष्ट साफ फसली. मुलाने बाल्कनीसाठी लोखंडी चौकटीचा झोपाळा आणला, सोसायटीने छताला कड्या ठोकू दिल्या नाहीत म्हणून. अण्णा त्यावर दोनदा बसले. सध्या त्यावर कपडे वाळतात.

उशिरा कळलेलं

हे सगळं चालू असताना पाचव्या आठवड्यात सुधारणा थांबली. एकेकट्याशी, समोर बसून अण्णा बोलत. टेबलावर मात्र पुन्हा गप्प. समुपदेशकांची समजूत झाली की त्यांची मर्यादा आली, आता इथे थांबावं.

सहाव्या आठवड्याच्या भेटीत पाऊस आत येऊ लागला. समुपदेशक खिडकी लावायला उठले आणि पाठमोरेच म्हणाले, ‘वाड्यात पावसाचं कसं, गळतं का?’ उत्तर नाही. आठ सेकंद गेले, वीस गेले. ठरल्याप्रमाणे ते थांबले. मग वळले. अण्णा शांतपणे त्यांच्याकडे बघत होते, प्रश्न विचारलाय हेच त्यांना माहीत नव्हतं.

चार दिवसांत श्रवणचाचणी झाली. उजव्या कानाची सरासरी ४५ डेसिबल, डाव्याची ४८ (म्हणजे त्याहून हळू आवाज ऐकू येत नव्हता), आणि ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक आवाजांना, दोन्ही कान ६५च्या पलीकडे. वयोमानाने येणारा, मध्यम प्रतीचा बहिरेपणा. यात जाड आवाज पोचतो. स, श, फ, थ सारखी बारीक व्यंजनं गळतात. म्हणून ‘आवाज फार होता आणि ऐकू काहीच येत नव्हतं’. ते वाक्य शब्दशः खरं होतं, दुसऱ्या भेटीच्या नोंदीत सहा आठवडे पडून होतं आणि सगळ्यांनी ते काव्य समजून वाचलं होतं. बायका-मुलांचा वरच्या पट्टीतला आवाज सगळ्यात आधी निसटतो. घरात ज्याचा आवाज अण्णांना नीट ऐकू येत होता, तो मुलगाच बोलत नसे.

इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? बहिरेपणाची घरगुती खूण म्हणजे टीव्ही मोठ्याने लावणं. अण्णा टीव्ही बघतच नसत, वाचत. ऐकू न आल्यावर ‘काय?’ विचारणं ही दुसरी खूण. तेही ते करत नसत, कारण फारसं न बोलणारा माणूस न ऐकलेल्या गोष्टीवर गप्प राहिला तर कुणाला नवल वाटत नाही. आणि माई झोपाळ्यावर दीड फुटावर बसून, शांत खोलीत, एकट्याच बोलत, कुणाचं काय म्हणणं पडलं ते पुन्हा सांगत. त्यांचा कान माईच होत्या.

श्रवणयंत्राला अण्णांचा विरोध : ‘ऐकण्यासारखं कुणी बोललं तर लावीन.’ आठवडाभर घरी वापरून बघण्यावर तडजोड झाली. पहिल्याच दिवशी यंत्र लग्नाला घालून गेलं, तर ते कपाटात जाण्याची भीती असते. म्हणून क्रम ठरवला : पहिला आठवडा रोज दीड तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी. दुसऱ्यात तीन तास, जेवणाचं टेबल धरून. रस्ता आणि लायब्ररी तिसऱ्यात. समारंभ महिन्यानंतर. पहिल्या दिवशी त्यांना त्रास झाला तो पेपर उलटण्याच्या आवाजाचा आणि स्वतःच्या चपलांचा. शिटी वाजते म्हणून एकदा यंत्र काढून ठेवलं. साचा नीट बसला नव्हता, तो बदलून घेतला.

परिणाम

बाराव्या आठवड्यात प्रश्नावलीवर गुण ३. घरी राहण्याच्या पसंतीचा गुण तसाच आहे आणि तो तसाच राहायला हरकत नाही. यात बी-१२चा वाटा किती, यंत्राचा किती, वाड्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही, कारण सगळं एकाच वेळी सुरू होतं.

यंत्र रोज पाच-सहा तास लागतं. दुपारी दोनला ते काढून डबीत जातं. शांतता हवी तेव्हा मिळवण्याची ही सोय अण्णांना कळली आहे. नवरात्रात गरब्याला ते गेले नाहीत आणि कुणी विचारलंही नाही.

मार्गशीर्षात पुतणीचं लग्न झालं. अण्णांना आहेर लिहायला बसवलं. माणसं एकेक करून समोर येतात, नाव-गाव सांगतात, दोन शब्द बोलून पुढे जातात. टेबल आधी मांडवाच्या तोंडाशी, बँडजवळ होतं. अर्ध्या तासाने अण्णा स्वतः उठले, मुलाला गाठून म्हणाले, ‘मला आतल्या खोलीत बसव.’ तिथे ते दोन तास बसले. १८६ पाकिटं, एकही नोंद चुकली नाही.

हास्यक्लबाचं निमंत्रण अजून येतं.

वेगळं काय करता आलं असतं

श्रवणचाचणी पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. साठीच्या पुढचा माणूस गप्प झाला आहे असं घरचे सांगत असतील, तर मनाच्या कुठल्याही प्रश्नावलीआधी कान बघावेत. इथे घरच्यांनी स्वभावाला आजार समजलं आणि समुपदेशकांनी आजाराला स्वभाव. दुसरी चूक जास्त गंभीर, कारण ती जाणकारांची. अण्णांची तुलना बोलक्या माणसांशी करून उपयोग नव्हता, पण ‘हे असेच’ म्हणून सोडूनही चालणार नव्हतं. वाड्यातल्या अण्णांशी फ्लॅटमधल्या अण्णांची तुलना करायची होती. वाड्यात ते झोपाळ्यावर तासभर ऐकत होते. इथे पाच मिनिटंही नाही. हा फरक विचारला असता तर पहिल्याच दिवशी सापडला असता.

पहिली भेट सगळ्यांची एकत्र घेणं चुकलं. आधी एकट्याची, लेखी प्रश्नांसह, आणि मग घरच्यांची असा क्रम हवा होता.

सुनेची वेगळी भेट नवव्या आठवड्यात झाली. त्या तासात ती सासऱ्यांबद्दल दहा मिनिटं बोलली आणि उरलेला वेळ माईंबद्दल. अण्णांनी बोलावं यासाठी तिची जी धडपड होती, तिच्यात तिची स्वतःची बोलण्याची भूक मिसळलेली होती. हे तिसऱ्या आठवड्यात कळलं असतं तर बांगड्या मोजणं तिला इतकं जाचलं नसतं. आता ती रोज संध्याकाळी आपल्या मावससासूला फोन लावते, रावपुऱ्यात राहणाऱ्या. अर्धा तास, कधी पाऊण.

वाड्याच्या खोल्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. रजिस्टरमध्ये त्या बाबीपुढे मुलाचं नाव आहे, उत्तराचा रकाना कोरा.